सैनिकी स्मारक नाणी: घडणावळ किती आणि ती का द्यावी?

पोर्ट ब्लेअरच्या ध्वजारोहणाच्या स्मरणार्थ भारत सरकारने काढलेले ७५ रुपयांचे नाणे मी मागवले, तेव्हा घरात सर्वांत आधी विषय निघाला तो किमतीचा. पंचाहत्तर रुपयांच्या नाण्याला साडेतीन हजारांच्या आसपास मोजायचे, हे आईला पटेना आणि त्या दिवशी मलाही तिला नीट समजावून सांगता आले नाही. त्यानंतरच्या वर्षांत सैन्याशी, युद्धांशी आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या सशस्त्र पर्वाशी निगडित अशी नाणी मी एकेक करून जमवली. काही थेट टांकसाळीकडून घेतली, काही व्यापाऱ्यांकडून घेतली आणि एक तर वाण्याकडच्या सुट्ट्या पैशांत मिळाले. ही नाणी घेण्याजोगी आहेत का आणि असतील तर कोणत्या भावापर्यंत, याबद्दल माझे मत आता पुरते बनले आहे. या छंदात नव्याने पडणाऱ्यांना पैसे मोजण्याआधी ते वाचायला मिळावे, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी ते ७५ रुपयांचे नाणे कसे आहे ते सांगतो, कारण या प्रकारच्या बहुतेक नाण्यांचा साचा तोच आहे. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्या घटनेला ७५ वर्षे झाली म्हणून २०१८ मध्ये हे नाणे निघाले. दर्शनी बाजूला नेहमीचे सिंहशीर्ष, त्याखाली ‘सत्यमेव जयते’ आणि रुपयाच्या चिन्हासह ७५ चा आकडा आहे. मागच्या बाजूला सेल्युलर जेलच्या पार्श्वभूमीवर ध्वजाला सलामी देणारे नेताजी आहेत. व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम. तळहातावर ठेवले की चलनातल्या कुठल्याही नाण्यापेक्षा ते जड लागते आणि हा जडपणा पहिल्या क्षणी फार सुखावतो. माझ्याकडचे नाणे प्रूफ आहे, म्हणजे घासून चकचकीत केलेल्या कोऱ्या चकतीवर तशाच खास घासलेल्या ठशाने एकाहून अधिक वेळा दाब देऊन पाडलेले. टेबलावरच्या दिव्याखाली ते किंचित कलते केले की सपाट भाग आरशासारखा काळा पडतो आणि नेताजींची आकृती त्यावर पांढुरकी, दवाने माखल्यासारखी उठून येते. आणखी थोडे फिरवले की हे सगळे उलट होते. हा खेळ मी पहिल्या संध्याकाळी किती वेळ करत बसलो होतो ते सांगता येणार नाही. कामाची सफाई या दर्जाची आहे, याबद्दल टांकसाळीला पूर्ण गुण द्यायला हवेत.

आता हिशेब. हे नाणे चार धातूंच्या मिश्रणाचे आहे: चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के, निकेल ५ टक्के आणि जस्त ५ टक्के. म्हणजे ३५ ग्रॅममध्ये चांदी साडेसतरा ग्रॅम. चांदीचा भाव रोज बदलतो, म्हणून आकडेमोडीसाठी ग्रॅमला १०० रुपये धरू. साडेसतरा ग्रॅमचे १,७५० रुपये झाले आणि तांबे, निकेल, जस्त मिळून आणखी किरकोळ रक्कम. नाणे साडेतीन हजारांना पडले असे धरले, तर धातूच्या किमतीइतकीच रक्कम आपण वर मोजली. सराफाच्या भाषेत ही घडणावळ झाली आणि ती जवळजवळ शंभर टक्के आहे. लक्ष्मीपूजनाला आपण जे चांदीचे नाणे सराफाकडून आणतो, त्यावर इतकी घडणावळ लावली तर आपण दुकानातून उठून येऊ. शिवाय ते बहुधा शुद्ध चांदीचे असते आणि हे निम्मे तांब्याचे. ज्यांना चांदी घ्यायची आहे, त्यांनी ही नाणी घेण्याच्या भानगडीत पडूच नये, हे मी निःसंकोचपणे सांगतो. घेणाऱ्याने आपल्या दिवसाचा भाव घालून हेच गणित कागदावर एकदा करावे आणि मगच मागणी नोंदवावी.

एक गोष्ट या हिशेबात बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘काही झाले तरी आत चांदी आहे, भाव पडला तर वितळवून टाकू’ असे मी प्रदर्शनांत अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. हे करता येत नाही. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार सरकारी नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे आणि स्मारक नाणे हेही सरकारी नाणेच आहे. म्हणजे दागिन्याला जी मोड असते ती या नाण्याला नाही. सराफ ते मोडीत घेणार नाही, आणि कायद्याची अडचण नसती तरी निम्म्या तांब्याच्या मिश्रणातून चांदी वेगळी करण्याचा खटाटोप एका नाण्यासाठी कोणी केला नसता. दुसरीकडे, ७५ रुपयांचे नाणे म्हणून ते बाजारात चालवायचे तर कायद्याने ते वैध चलन आहे, पण साडेतीन हजारांची वस्तू पंचाहत्तर रुपयांना कोण देईल? धातूचा भाव हा आधार कागदावरचा आहे, दर्शनी किंमत हा आधार नावापुरता आहे. उरतो तो फक्त दुसरा संग्राहक, ज्याला तेच नाणे हवे असेल. त्यामुळे ‘गुंतवणूक’ हा शब्द या नाण्यांच्या जाहिरातीत दिसला की मी पान उलटतो.

अलीकडे चांदी चढली तशी जुनी नाणी घेतलेल्या काही जणांना आपण फार दूरदृष्टीचे ठरलो असे वाटू लागले आहे. त्यांचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही, पण ती कमाई चांदीची आहे, नाण्याची नाही. तेवढ्याच पैशांची शुद्ध चांदी त्या दिवशी घेतली असती तर त्यांच्या हाती आज कितीतरी जास्त ग्रॅम असते.

विकण्याची बाजू मी एकदा स्वतः अनुभवली. एका प्रदर्शनात माझ्याकडे दुबार झालेले एक प्रूफ नाणे घेऊन गेलो. ज्या टेबलावर तसेच नाणे टांकसाळीच्या किमतीहून बरेच वरच्या भावाला मांडलेले होते, तिथेच मी माझे पुढे केले. व्यापाऱ्याने कॅप्सूल, म्हणजे नाण्याची पारदर्शक बंद डबी, उजेडात धरून फिरवले, खोका उघडून पाहिला, माहितीपत्रक आहे का विचारले आणि मग जो भाव सांगितला तो मी टांकसाळीला दिलेल्या रकमेच्याही खाली होता. मी त्याला दोष देत नाही. त्याला टेबलाचे भाडे आहे, पैसा अडकवून ठेवायचा आहे आणि गिऱ्हाईक केव्हा येईल याची खात्री नाही. पण विक्रीचा आणि खरेदीचा भाव यांतले अंतर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा छंद कोणी खर्चिक स्वरूपात सुरू करू नये.

व्यापाऱ्याकडून घेतानाचा माझा अनुभव याहून कडू आहे. एका नाण्याची टांकसाळीची नोंदणीची मुदत माझ्या हातून निघून गेली होती. प्रूफ संच जवळपास दुप्पट भावाला, ‘आता मिळणार नाही’ या आश्वासनावर मी घेतला. घरी आणून भिंगाखाली पाहिले तर आरशासारख्या भागावर, काठाच्या आत, अर्धवट बोटाचा ठसा होता. आधी कोणीतरी कॅप्सूल उघडून नाणे हाताळले होते आणि पुन्हा बंद केले होते. चाळीस टक्के तांबे असलेल्या धातूवर बोटाचा घाम बसला की काही महिन्यांत तो तपकिरी होतो आणि तसा तो झालाच. पुसायला गेले की ओरखडे पडतात, म्हणून तो डाग आज तसाच आहे. विशेष वाईट याचे वाटते की सहा महिन्यांनी तेच नाणे टांकसाळीच्या संकेतस्थळावर पुन्हा उपलब्ध दिसले. चूक माझी, घाई केली. तेव्हापासून माझा नियम असा आहे की टांकसाळीची घडणावळ मी देईन, पण तिच्यावरची दुसरी घडणावळ देणार नाही. नोंदणी चुकली तर चुकली.

टांकसाळीकडून मागवण्याचा अनुभव एकंदरीत चांगला आहे, फक्त धीर हवा. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टांकसाळी आता भारत प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगम या एकाच सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहेत आणि नोंदणी घरबसल्या होते. पैसे आधी भरायचे आणि नाणे नंतर यायचे, हा क्रम ठरलेला. मध्ये कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने जातात. वेष्टन भक्कम असते, कॅप्सूल घट्ट असते आणि माहितीपत्रकात वजन, व्यास व मिश्रण दिलेले असते. मला त्यात एक उणीव जाणवते: एकूण किती नाणी पाडली, हा आकडा मी घेतलेल्या संचांच्या पत्रकांत कुठेही नव्हता. दुर्मीळता हे ज्या वस्तूच्या किमतीचे मोठे कारण असते, तिची संख्याच ग्राहकाला ठाऊक नसणे योग्य नाही. प्रूफ आणि यूएनसी, म्हणजे चलनात न वापरलेले पण साध्या ठशाचे, असे दोन प्रकार मिळतात आणि त्यांच्या किमतीत फरक असतो. मी आता बहुतेक वेळा यूएनसी घेतो. आकृती तीच असते, आणि आरशावरचा प्रत्येक कण दिसण्याची धास्ती राहत नाही.

या बाबतीत अमेरिकेची पद्धत पाहण्यासारखी आहे. तिथे स्मारक नाणे काढायचे तर त्यांच्या संसदेला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागतो, आणि जास्तीत जास्त किती नाणी पाडायची हे त्या कायद्यातच लिहिलेले असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक नाण्याच्या किमतीत एक ठरावीक अधिभार असतो आणि तो नाव घेऊन नेमलेल्या संस्थेला जातो. २००५ मध्ये मरीन कोरच्या, म्हणजे अमेरिकेच्या सागरी सैन्यदलाच्या, २३० व्या वर्धापनदिनानिमित्त चांदीचा डॉलर निघाला. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावर ध्वज रोवणाऱ्या सैनिकांचे ते सुप्रसिद्ध दृश्य त्यावर आहे. मर्यादा वाढवून ६,००,००० करण्यात आली आणि तीही संपली. प्रत्येक नाण्यामागचे १० डॉलर मरीन कोरच्या इतिहास संग्रहालयाच्या कामाला गेले. २०११ मध्ये लष्कराची नाणी निघाली तेव्हा सोन्याच्या नाण्यावर ३५, चांदीच्या डॉलरवर १० आणि अर्ध्या डॉलरवर ५ डॉलर असा अधिभार लष्करी संग्रहालयासाठी होता. घेणारा जास्तीचे पैसे देतो, पण त्यातले किती कुठे गेले हे त्याला सांगता येते. आपल्याकडच्या स्मारक नाण्यांच्या विक्रीत असा सैनिकांसाठी राखून ठेवलेला हिस्सा नाही. तो असावा, असे मला मनापासून वाटते. साडेतीन हजारांतले दोनशे रुपये जरी जखमी जवानांच्या पुनर्वसनासाठी जात असते, तरी आईच्या त्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे त्याच दिवशी उत्तर असते.

तरीही अमेरिकेतल्या संग्राहकांचे सगळे आलबेल आहे असे नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने १९९४ चे तिन्ही सैनिकी डॉलर जपून ठेवले आहेत: व्हिएतनाम स्मारकाचा, युद्धकैद्यांचा आणि सैन्यातल्या स्त्रियांचा. ते २६.७३ ग्रॅमचे आणि ९० टक्के चांदीचे, म्हणजे प्रत्येकात सुमारे २४ ग्रॅम चांदी. आपल्या ३५ ग्रॅमच्या नाण्यापेक्षा आकाराने लहान, पण चांदीने समृद्ध. अशी नव्वदच्या दशकातली बरीचशी नाणी तिथल्या बाजारात धातूच्या भावाच्या आसपास मिळतात, कारण ती भरपूर निघाली आणि घेणाऱ्यांनी जपूनही ठेवली. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला २०२० चे उदाहरण आहे. दुसरे महायुद्ध संपल्याला ७५ वर्षे झाली म्हणून तिथल्या टांकसाळीने सोन्याच्या ‘ईगल’ नाण्यावर ‘व्ही ७५’ अशी लहानशी खूण उमटवली आणि अशी फक्त १,९४५ नाणी काढली. विक्री सुरू झाल्यावर ती बघता बघता संपली आणि नंतर मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकली गेली. भाव ठरवला तो १,९४५ या संख्येने. युद्धाचे स्मरण त्यात कितपत होते, याचा मला प्रश्न पडतो. माझ्या मावसभावाला त्याच्या तीन डॉलरांची आजची किंमत विचारली तर त्याला सांगता येणार नाही, पण युद्धकैद्यांच्या नाण्यावरचा काटेरी तारांमधून सुटणारा गरुड तो येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवतो. मला त्याचा संग्रह जास्त आवडतो.

इथून मी मुख्य मुद्द्याकडे येतो. घडणावळ परत येत नाही, हे एकदा मान्य केले की मग ती कशासाठी दिली हे नाण्याकडे पाहून कळले पाहिजे. म्हणजे आकृती. सैनिकाच्या स्मृतीसाठी काढलेल्या नाण्यावर सैनिक, किंवा त्याचे काम, किंवा त्याचे जाणे दिसले पाहिजे. या कसोटीला आपली अनेक नाणी उतरत नाहीत, कारण दोन लिप्यांत प्रसंगाचे पूर्ण नाव, वर्ष आणि ‘शताब्दी’, ‘सुवर्ण जयंती’ असे शब्द लिहिता लिहिता चित्राला जागाच उरत नाही. परमवीर चक्राची आठवण इथे होते. ते सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटले. जन्माने युरोपीय, विवाहाने मराठी घरच्या, आणि आपल्या पुराणांचा अभ्यास असलेल्या या बाईंनी दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेल्या इंद्राच्या वज्राच्या चार आकृती राजमुद्रेभोवती मांडल्या. आपले हाड देऊन शस्त्र झालेल्या माणसाची गोष्ट तळहाताएवढ्याही नसलेल्या कांस्यावर त्यांनी बसवली, आणि दर्शनी बाजूवर त्यासाठी एक अक्षर खर्च केले नाही. नाण्यावर अक्षरे लागतात हे मला कळते. पण एवढे मोठे उदाहरण घरातच असताना स्मारक नाण्यांची रेखाटने इतकी भरगच्च का असावीत, हे कळत नाही. पोर्ट ब्लेअरचे नाणे या बाबतीत बरे आहे. सलामीचा हात आणि मागचा तुरुंग एवढ्यात सगळे सांगून होते.

आणि आता ते नाणे, ज्यासाठी मी घडणावळ दिलेलीच नाही. १९६५ च्या युद्धाला ५० वर्षे झाली तेव्हा, २०१५ मध्ये, ५ रुपयांचे नाणे चलनात आले. पिवळसर निकेल-पितळेचे, २३ मिलिमीटरचे, ६ ग्रॅमचे. मागे ‘अमर जवान’, दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या डहाळ्या, आणि ‘वीरता एवं बलिदान’ हे शब्द. ते मला सातारा रस्त्यावरच्या एका वाण्याकडे दुधाच्या पिशवीच्या सुट्ट्यात मिळाले. माझे थोरले काका त्या वर्षी मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि त्यांच्याकडे त्या युद्धकाळातल्या सेवेचे रक्षा मेडल आहे. पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा मी ते नाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिले.

“ह्यात जवान कुठं हाय रं?”

“काका, ती बंदूक उलटी रोवलीय बघा. वर शिरस्त्राण आहे.”

“मग तो गेलाय.” एवढेच म्हणून त्यांनी नाणे माझ्याकडे परत दिले आणि आतल्या खोलीतून मेडल आणले. त्याच्या कडेवर त्यांचा नंबर आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले आहे. त्यांनी अंगठ्याने कडा चाचपून ते मला दाखवले. नाण्यावर कोणाचेच नाव नव्हते, ना चाविंड्याच्या लढाईत पडलेल्या पूना हॉर्सच्या लेफ्टनंट कर्नल तारापोरांचे, ना हवालदार अब्दुल हमीदांचे, ना काकांचे. पण ते देशभर कोणाच्याही खिशात जाऊ शकत होते, हे त्याचे मोल आहे.

या ५ रुपयांच्या नाण्याबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती नोंदवतो. उलटी बंदूक आणि शिरस्त्राण असलेले अमर जवान स्मारक इंडिया गेटखाली उभे राहिले ते १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजी. १९६५ च्या नाण्यावर त्या लढाईचे स्वतःचे असे काही असायला हवे होते. रणगाड्यांच्या एवढ्या मोठ्या लढाया ज्या युद्धात झाल्या, त्याची एक साधी रेषाही तिथे नाही. असे असूनही, माझ्या संग्रहातले सर्वांत वेळा बाहेर काढले जाणारे नाणे हेच आहे. चलनात फिरलेले असले तरी चांगल्या स्थितीतले शोधायला थोडी चिकाटी लागते, पैसे नाही. नव्या संग्राहकाने सुरुवात इथून करावी.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धाला १५० वर्षे झाल्यानिमित्त २००७ मध्ये निघालेल्या नाण्यांपैकी ५ रुपयांचे मिळाले तर जरूर घ्यावे. तात्या टोपे यांच्या स्मरणार्थ २०० आणि १० रुपयांची नाणी निघाली. येवल्यात जन्मलेल्या या सेनापतीसाठी मी १० रुपयांचे घेतले आणि समाधानी आहे, २०० रुपयांचे टांकसाळीच्या भावाला मिळाले तरच घेईन. राष्ट्रीय छात्रसेनेच्या ७५ वर्षांनिमित्त जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते निघालेले ७५ रुपयांचे नाणे ज्यांनी कॉलेजात एनसीसीचा गणवेश घातला आहे त्यांच्यासाठी योग्य भेट आहे. मी घातला नव्हता, म्हणून घेतले नाही.

दोन गोष्टींपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. एक, खासगी कंपन्यांनी पाडलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या, रणगाडा किंवा लढाऊ विमान छापलेल्या चकत्या, ज्या ‘मर्यादित आवृत्तीचे नाणे’ म्हणून विकल्या जातात. ते नाणे नव्हे. नाणे काढण्याचा अधिकार भारतात फक्त केंद्र सरकारला आहे आणि प्रत्येक स्मारक नाण्यासाठी वित्त मंत्रालय राजपत्रात अधिसूचना काढते. तीत व्यास, धातूंचे प्रमाण, कडेवरच्या खाचा आणि दोन्ही बाजूंचे वर्णन असते. विकणाऱ्याने अधिसूचना दाखवली नाही, किंवा तीतले वजन आणि सराफाच्या काट्यावरचे वजन जुळले नाही, तर व्यवहार तिथेच थांबवावा. दुसरी गोष्ट जास्त दुखरी आहे. जुन्या बाजारात कधी कधी खरी सैनिकी पदके विकायला येतात, कडेवर नंबर आणि नाव कोरलेली, कोणाच्या तरी घरातून अडचणीत बाहेर पडलेली. त्यांच्यावर घडणावळ नसते, ती स्वस्त मिळतात, आणि म्हणूनच मोह होतो. मी एकही घेतलेले नाही. ज्याचे नाव कोरले आहे त्याच्या घरातच ते असायला हवे.

जपणुकीबद्दल एवढेच की नाणे नेहमी कडेने धरावे, मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांत ठेवू नये कारण कालांतराने त्यातून हिरवट चिकट थर धरतो, आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. कोकणात आणि मुंबईत त्या दर दोन महिन्यांनी बदलाव्या लागतात.

यंदा माझा संग्रहाचा वर्षाचा खर्च मी असा ठरवला आहे: टांकसाळीने सैन्याशी संबंधित नाणे काढले आणि त्याची आकृती आवडली तर एक यूएनसी, त्याहून जास्त नाही. प्रूफ आणि यूएनसी यांच्या किमतीतला जो फरक वाचेल तो ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीत जाईल. हा दिवस १९४९ पासून पाळला जातो आणि त्या निधीची पावती मिळते. पोर्ट ब्लेअरच्या नाण्याच्या कॅप्सूलखाली ती पावती ठेवायला मी एक पाकीट करून ठेवले आहे. काकांनी त्यांचे मेडलही त्याच डब्यात ठेव म्हणून मला दिले होते. ते मी परत नेऊन दिले.